आमच्या मारुतीला लागू आचारसंहिता

मी, अन्नपूर्णा बंडूजी उमाटे, वय वर्षे त्र्याहत्तर, शिक्षण मॅट्रिक पास, काम घरचे, राहणार मौजा सोनेखार, पोस्ट आंजी (मोठी), तालुका व जिल्हा वर्धा, हे मृत्युपत्र माझ्या स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण मृत्युपत्राला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. मला कोणी धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. लिहिताना चहासुद्धा माझा मीच केला. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझ्या नावाचे दुसरे कोणी दाखवले तर ते खोटे समजावे.

बोरगाव मेघेच्या वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. एका पानात सगळे आटोपले होते. वाचून पाहिले तर त्यात घर होते, वावर होते, मी कुठेच नव्हते. तेव्हा कायद्याचे शब्द त्यांचे ठेवले आणि बाकी माझे लिहिले. वकील म्हणाले, "बाई, मृत्युपत्रात कारणं लिहायची नसतात."

मी म्हटले, "कारण नाई लिहिलं तं माहा पोरगा कारण शोधत बसंल. आन तो स्वतः शोधत नाई, तालुक्याले जाऊन विचारून येते."

१. माझे वारस दोन. मुलगा हेमराज, आणि आर्वीला दिलेली मुलगी जया. हेमराजची पत्नी नंदिनी हिला मी तिसरी धरते. कायदा धरत नसेल तर ती कायद्याची चूक आहे.

माझे पती कै. बंडूजी भाजीपाला पिकवत. वर्धेच्या बाजारात त्यांची वांगी नाव सांगून विकली जायची. त्यांनी हयातीतच घर, घरालगतची मोकळी जागा आणि तीन एकर ओलिताचे वावर बक्षीसपत्राने माझ्या नावे नोंदवून दिले. हेमराजने विचारले होते, "बाबा, माह्या नावानं काऊन नाई केलं?" ते म्हणाले, "तुहा आवाज मोठा आहे बाबू, आन तुह्या आईची सही लहान आहे. लहान सही सांभाळून राह्यते." तर ही सर्व मिळकत माझ्या एकटीच्या मालकीची असून तिच्यावर कोणाचा बोजा नाही.

२. वावर हेमराज आणि जया यांना निम्मे निम्मे. जयाचा हिस्सा हेमराजने वाहावा आणि तिची तूर व तिचे पैसे तिला आर्वीला नेऊन द्यावे. तिला मागायला लावू नये. मागायला लावले तर तिने हिस्सा काढून घ्यावा, भाऊ आहे म्हणून गप्प बसू नये. राहते घर हेमराज व नंदिनी या दोघांच्या नावे, नंदिनीचे नाव आधी. माझ्या पाटल्या आणि एकदाणी जयाला. शिवणयंत्र नंदिनीला, कारण ते तिच्याच हाताने नीट चालते, माझ्या हाताला ते धागा तोडते. बँकेतली ठेव तिघांत सारखी वाटावी. त्याआधी तेरवीचा खर्च काढावा, आणि कलम आठमध्ये लिहिले आहे तेवढा बाजूला ठेवावा.

३. स्वयंपाकघरातली भांडी नंदिनीची. त्यात दोन मोठे स्टीलचे डबे आहेत, त्यांचा वेगळा उल्लेख करते. एक हेमराजच्या पॅनलने मागच्या निवडणुकीत बायांना वाटला, दुसरा समोरच्या रूपराव झाडे यांच्या पॅनलने. एकाचे झाकण दुसऱ्याला बरोबर बसते. दुकानदार एकच होता. नंदिनीने एकात पीठ ठेवावे, एकात डाळ, आणि गावात कोणी दोन पॅनलमधला फरक विचारला तर झाकणे बदलून दाखवावी.

४. आता देवळाचे. हे कलम लांब आहे, वाचणाऱ्याने पाणी पिऊन घ्यावे.

आमच्या अंगणातला मारुती आमचा घरचा आहे. माझ्या आजेसासऱ्यांना तो वावरात सापडला. त्यांनी ओट्यावर बसवला, बंडूजींनी भिंती बांधून लोखंडी दार लावले. दाराला एक कुलूप, कुलपाला एकच किल्ली, आणि ती लग्न झाल्यापासून माझ्या कमरेला. पूजा मीच करते. बाईने मारुतीला शिवू नये असे एक महाराज गावात सांगून गेले होते. मी म्हटले, बरं, मग रोज सकाळी साडेपाचले तुमी येत जा. ते आले नाहीत.

तीन वर्षांपूर्वी हेमराज सरपंचपदाला उभा राहिला. पॅनलचे नाव ठेवले 'श्री मारुती ग्रामविकास'. मारुतीला विचारले नाही, मलाही नाही. अर्ज भरल्यावर एका सकाळी त्याने माझ्याकडे किल्ली मागितली. पूजा करतो म्हणाला. मला इतका आनंद झाला की काही विचारलेच नाही.

दुपारी कळले. तालुक्याहून पक्षाचे एक साहेब आले होते, गळ्यात गमछा टाकून. गावातल्या बाया गटागटाने देवळात बोलावल्या. प्रत्येकीच्या हातात नारळ दिला, त्याला शेंदूर लावला आणि म्हणवून घेतले, "मारुतीची आण, मत हेमराजलेच." मग डबा दिला. नारळ देवाच्या पायाशी ठेवून घेतले, निकालानंतर फोडू म्हणाले. आमच्याकडे ही थट्टेची गोष्ट नाही. नारळ देवापाशी आहे तोवर बाई शब्दाला बांधलेली असते.

रूपराव मागे राहिले नाहीत. त्यांच्या पत्नी आनंदाबाई यांनी त्याच दुपारी हळदीकुंकू केले, त्याच बायांची ओटी भरली आणि ओटीच्या नारळावर देवीची आण घेतली, मत रूपरावांना. हळदीकुंकवाला नाही कोण म्हणणार.

संध्याकाळी मागच्या दाराने शेजारची मीराबाई आली. चूल विझलेली पाहूनही हात शेकत बसली.

"काकू, मी दोन्हीकडं बोलून बसली. आता कोणालेबी मत देलं तरी एक देव कोपतेच."

"मंग काय करतं?"

"मतालेच जात नाई. माहेरी जाऊन बसतो चार दिवस."

तिच्यामागून आणखी आल्या. सगळ्यांचा विचार तोच, मतालाच जायचे नाही. एकीचे तर माहेरच नव्हते, ती म्हणाली, मी आजारी पडते.

मी देव मानणारी बाई आहे. एकादशी सोडलेली नाही, शनिवारचे तेल चुकवलेले नाही. म्हणूनच मला ते लागले. मत द्यायच्या त्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे बाईबरोबर नवरा येत नाही, सासू येत नाही. अख्ख्या जन्मात तेवढी एक जागा बाईची एकटीची. तिथे आमच्या मारुतीला दंडुका देऊन उभे करायचे? तो काय चौकीदार आहे?

भगतांच्या मोहल्ल्यात कोणाला नारळ दिला नाही. ते बौद्ध लोक, तिथे आमचा नारळ चालत नाही. म्हणून तिथे साहेबांनी बोळाचे नाव काढले, मत दिले नाही तर बोळ बंद. त्याचे पुढे लिहिले आहे.

दुसऱ्या दिवशी मी हेमराजकडून किल्ली परत घेतली, आंघोळ केली, आणि बायांना निरोप पाठवला की ओटीचे नारळही घेऊन या. सगळ्यांच्या समोर मारुतीला मोठ्याने सांगितले, "देवा, या बाया तुह्याकडं आल्या नव्हत्या, त्याईले आणलं होतं. आणलेल्या माणसाची आण धरू नोको." आणि एकेक नारळ फोडला, दोन्ही पॅनलचे. फोडलेल्या नारळाचा प्रसाद होतो, आण उरत नाही. यात पाप असेल तर ते माझ्या नावावर लिहावे, बायांच्या नाही, असेही सांगून ठेवले. नंदिनी दिवसभर खोबरे किसत होती. गावाने आठवडाभर खोबऱ्याची वडी खाल्ली आणि मत द्यायला सगळ्या बाया गेल्या.

हेमराज अंगणात येऊन म्हणाला, "आई, तू माहा नारळ फोडला."

मी म्हटले, "तुहा नाई फोडला. तुहा अजून तसाच आहे." त्याचे लक्ष नव्हते. वाचणाऱ्याने मात्र हे लक्षात ठेवावे.

हेमराज थोडक्यात पडला. रूपराव पेढे घेऊन आले, "काकू, मारुतीनं न्याय केला." मी सांगितले, "मारुतीनं नाई, बायाईनं केला. पेढा त्याईले द्या." पेढा मी घेतला. पेढ्याशी भांडण नव्हते.

५. बोळाचे. आमच्या घराच्या उत्तरेला आठ फूट रुंद बोळ आहे. तो सरकारी वाटतो, पण माझ्या जागेतला आहे. भगतांच्या मोहल्ल्यातली आणि माळ्यांच्या गल्लीतली माणसे याच बोळाने शाळेत जातात, बसला जातात. मत द्यायलाही याच बोळाने जातात, कारण मतदान शाळेतच असते.

आता जिल्हा परिषदेची निवडणूक येऊ घातली आहे आणि हेमराजला मारुतीपुढे सभामंडप बांधायचा आहे. तेच साहेब टेप घेऊन आले आणि बोळाच्या पार पलीकडच्या भिंतीपर्यंत माप घेतले.

"काकू, देवाला जागा देताय. मोठं पुण्य आहे."

"देवाले जागा आहे. तुमच्या नावाच्या पाटीले नाई."

"लोक काय, नाल्याकडून जातील. त्यांना तिकडून जवळच पडतं."

"त्यांना म्हंजे कोणाले?"

साहेब चहाच्या कपात पाहायला लागले. हेमराजही पाहायला लागला, त्याच्या कपात तर चहाही नव्हता.

वकिलांनी उपाय सुचवला की बोळ मारुतीच्याच नावे करा, देवाच्या नावावर मिळकत होऊ शकते, मग कोणी हात लावणार नाही. मी म्हटले, देवाच्या नावानं केलं की देवाच्या नावानं बोलणारे येतात. तो काही सही करायला तहसीलात जात नाही, त्याच्या वतीने कोण जाईल हे आपल्याला माहीत आहे. वकील हसले आणि त्यांनी ते वाक्य खोडले.

म्हणून बोळाची जागा मी माझी मुलगी जया आणि शेजारीण पौर्णिमा अश्वजित भगत, निवृत्त आरोग्यसेविका, या दोघींच्या नावे सामाईक देते. एकीच्या सहीने ती विकता, अडवता किंवा झाकता येणार नाही. त्यातून जाणारा कोणत्या देवाचा, कोणत्या पक्षाचा, देवाचा आहे की नाही, हे कोणी विचारू नये. गुरे न्यायची असल्यास शेण उचलावे.

६. देवळाची किल्ली. देऊळ, मूर्ती, घंटा, समया आणि पूजेचा मान मी हेमराजला देते. जयाला हे ऐकून नवल वाटेल. पण देव मुलाकडून काढून घेतला तर तो दुसरीकडे मोठा देव शोधेल, आणि मोठ्या देवाचे मोठे साहेब असतात. त्यापेक्षा घरचा बरा. पूजा त्याने स्वतः करायची, पहाटे, आंघोळ करून, माणूस लावून नाही.

परंतु, आणि हे परंतु वकिलांनी पक्के बांधून दिले आहे, जशी सरकारला आचारसंहिता लागते तशी आमच्या मारुतीलाही लागेल. निवडणूक जाहीर झाल्यापासून निकाल लागेपर्यंत, मग ती ग्रामपंचायत असो, जिल्हा परिषद असो, विधानसभा, लोकसभा किंवा दुधाची सोसायटी असो, किल्ली पौर्णिमाबाईंकडे राहील. त्यांनी पहाटे दार उघडावे, हेमराजने पूजा करावी, त्यांनी दार लावावे. मधल्या काळात देवळात नारळ, शपथ, गमछा, फोटो आणि भाषण बंद. नवस चालेल, पण स्वतःचा स्वतःसाठी. पौर्णिमाबाईंनी बाहेर खुर्ची टाकून बसावे. खुर्ची आमच्या घरची.

हे मी त्यांना विचारूनच लिहिले आहे. त्या म्हणाल्या, "मी मारुतीले मानत नाई, बाई. माह्या सासऱ्यानं दीक्षा घेतली तवापासून आमच्या घरी देव नाई."

"माहीत आहे. म्हणून तं तुमाले विचारून राह्यली."

"किल्ली ठेवीन. हात जोडणार नाई."

"हात जोडणारे लय आहेत. किल्ली ठेवणारं कोणी नाई."

त्यांनी निवडता निवडता एक किडके वांगे बाजूला काढले. मग म्हणाल्या, "आन तुमचा मारुती माह्यावर रागावला तं?"

"रागावला तं गदा घेऊन हेमराजच्या मागं लागंल. तुमी काऊन भेता?"

बौद्धाच्या घरी देवळाची किल्ली कशी, असा आक्षेप ज्यांना असेल त्यांनी तो रोज पहाटे साडेपाचला देवळापाशी येऊन नोंदवावा. आंघोळ करून यावे. हेमराजने कोणत्याही निवडणुकीत पॅनलला, पत्रकाला किंवा गाडीला आमच्या मारुतीचे नाव दिले, तर त्या दिवसापासून देऊळ नंदिनीचे. मग तिने त्याला प्रसाद द्यावा, किल्ली देऊ नये.

देवळावर हेमराजने लावलेला भोंगा भंगारवाल्याला द्यावा. मारुतीला ऐकू येते.

७. माझी तेरवी साधी करावी. वरण, भात, पोळी, वांग्याची भाजी, बुंदी. भगतांचा मोहल्ला आणि आमचा एकाच पंगतीत, आणि वाढताना साहेबांपासून सुरुवात करू नये. माईक नको. श्रद्धांजलीचे भाषण कोणी करू नये, रूपरावांनी तर मुळीच नाही, ते मेलेल्या माणसातही मतदार पाहतात. रस्त्यावर माझा फ्लेक्स लावू नये. लावलाच तर त्यात फोटो फक्त माझा असावा. मागे मंजुळाबाई गेली तेव्हा वर अकरा पुढारी हसत होते आणि तिचा फोटो कोपऱ्यात बिस्किटाएवढा. लोक विचारत होते, यातली गेली कोण.

निवडणुकीत पडल्यानंतर एकदा हेमराज जेवायला बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "आई, तू तरी मले मत देलं होतं का?" त्याचा आवाज इतका लहान मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मी त्याला भाजी वाढली. तो अजूनही कधी कधी तसा पाहतो. म्हणून इथे स्पष्ट करते. माझी सर्व स्थावर व जंगम मिळकत मी वाटून दिली आहे, पण माझे मत या वाटणीत नाही. ते माझे स्वकष्टार्जित आहे, त्यावर कोणाचा वारसाहक्क नाही, ते माझ्याबरोबर जाईल. त्या आडोशामागे बंडूजी नव्हते, तू नव्हतास, आणि ज्याला मी रोज शेंदूर लावला तो मारुतीसुद्धा नव्हता. तो बाहेर थांबला होता. त्याला कळते.

८. शेवटचे. माझ्या धान्याच्या कोठीत, तुरीखाली, फडक्यात बांधलेला एक नारळ आहे. त्याला शेंदूर आहे. तो हेमराजला देते.

तू किल्ली मागितलीस त्या सकाळी, साहेब यायच्या आधी, तू देवळात एकटा गेला होतास. नंदिनी मागे फुले घेऊन उभी होती, तुला माहीत नव्हते. तू नारळ ठेवलास आणि म्हणालास, "देवा, सरपंच झालो तं पयले बोळात दिवा लावीन. पोरी अंधारातून येतात." नंदिनीने मला सांगितले. दुसऱ्या दिवशी मी सगळे नारळ फोडले, तो बाजूला काढला. बाकीचे आणलेले होते. तो एक आलेला होता.

साहेब आले आणि दुपारपर्यंत तू दिवा विसरलास, आणि आता त्याच बोळावर मंडप घालायला निघालास, ते वेगळे.

तू सरपंच झाला नाहीस. पण बोळात दिवा लावायला सरपंच व्हावे लागत नाही, खांब आणि वायर लागते. त्याचा खर्च ठेवीतून आधी काढावा. दिव्याचे बिल घराच्या मीटरवर घ्यावे. दिवा लागला की त्याच्याखाली हा नारळ फोडायचा, आणि फोडल्यावर जयाने तुला देवळाची किल्ली द्यावी. आधी नाही. माझ्यामागे सहा महिन्यांत दिवा लागला नाही, तर कलम सहाप्रमाणे देऊळ नंदिनीचे आणि नारळही तिचा. ती त्याची चटणी करील.

नारळ हलवून पाहिला. आतला गोटा वाजतो. इतक्या वर्षांनी आत खोबरे झाले की नासले, हे फोडल्याशिवाय कळत नाही. मला वाटते खोबरे झाले असावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी जयाने करावी. वरील सर्व मजकूर मी लिहिला, पुन्हा वाचला, दोन ठिकाणी हसले, आणि समजून उमजून खाली सही केली.

ठिकाण : मौजा सोनेखार, ता. जि. वर्धा
दिनांक : १९ ऑगस्ट २०२५

सही : अन्नपूर्णा बंडूजी उमाटे

साक्षीदार. अन्नपूर्णाबाईंनी आमच्यासमोर सही केली व आम्ही त्यांच्यासमोर केली. या मृत्युपत्रात आम्हांला काही मिळत नाही.

१. किसनराव महादेव वाटगुळे, निवृत्त पोस्टमन, रा. सोनेखार

२. सौ. आनंदाबाई रूपराव झाडे, रा. सोनेखार. (यांना मुद्दाम बोलावले आहे. हेमराजने हे मृत्युपत्र खोटे म्हटले तर समोरच्या पॅनलची साक्ष, आणि रूपरावांनी म्हटले तर त्यांच्या घरचीच. सही करताना त्यांनी विचारले, "काकू, माहा ओटीचा नारळबी फोडला होता ना?" फोडला होता. वडी त्यांनीही खाल्ली आहे.)